मोडलेली शिडी आणि शाबूत स्वप्न

(एका व्याख्यानमालेत ‘अमेरिकेतील आर्थिक विषमता’ या विषयावर एका ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन.)



आजचा विषय ठरला तेव्हा एका परिचितांनी मला मिस्कीलपणे विचारले, “अमेरिकेतल्या गरिबांची चिंता आपण कशाला वाहायची? आपल्या घरची धुणी काय कमी आहेत?” प्रश्न बिनतोड होता. परंतु त्याचे उत्तर या सभागृहातच बसलेले आहे. ज्यांचा मुलगा, मुलगी, जावई, पुतण्या किंवा भाची आज अमेरिकेत आहे, त्यांनी कृपया हात वर करावेत. पाहा, निम्म्याहून अधिक हात वर आहेत. ज्या देशात आपली लेकरे संसार मांडून बसली आहेत, त्या देशाच्या पायाला तडा गेला असेल, तर तो आपल्यासाठी परका विषय राहत नाही.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. अमेरिकेचे वाभाडे काढून टाळ्या मिळवण्यासाठी मी उभा नाही. दुरून डोंगर साजरे म्हणून त्या देशाची आरती ओवाळणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्याच्या नावाने बोटे मोडणारेही पुष्कळ आहेत. दोघांचेही काम सोपे आहे. मला मात्र एका प्रश्नाचा शोध घ्यायचा आहे. पृथ्वीवरचा सर्वांत संपन्न देश आपल्याच कष्टकऱ्याला निराश का करून बसला?

ताठ झालेली पाठ

स्वामी विवेकानंद १८९३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पोहोचले, हे आपण सर्वजण जाणतो. त्या वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली होती, बँका बुडत होत्या, लक्षावधी लोक बेकार होत होते, हे मात्र आपल्या फारसे ध्यानात नसते. तरीही स्वामीजींच्या मनावर त्या देशाची एक वेगळीच गोष्ट ठसली. न्यूयॉर्कच्या बंदरात उतरणारे आयरिश स्थलांतरित त्यांनी पाहिले होते. कंगाल, खंगलेली, नजर वर करून चालण्याचीही हिंमत नसलेली ती माणसे. सहाच महिन्यांनी तीच माणसे अंगावर नीटनेटके कपडे घालून ताठ मानेने चालताना दिसत. मायदेशात ज्याला जन्मभर ‘तू हीन आहेस’ असे ऐकवले गेले, त्याला येथे ‘तूही आमच्यासारखाच माणूस आहेस’ असे सांगितले गेले आणि त्याची वाकलेली पाठ सरळ झाली, असा त्या निरीक्षणाचा आशय आहे. पुढे १८९७ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात आपल्याकडच्या दीनदुबळ्यांविषयी कळवळून लिहिताना त्यांनी हा दाखला दिला.

मित्रहो, अमेरिकेची खरी श्रीमंती ही होती. उंच इमारतींपेक्षा आणि सोन्याच्या साठ्यापेक्षा ती मोठी होती. आज जी निराशा त्या समाजात दाटून आली आहे तिचे मर्म एका वाक्यात सांगायचे, तर ती सरळ झालेली पाठ पुन्हा वाकू लागली आहे, आणि वाकलेल्याला सांगितले जात आहे की हा दोष तुझाच आहे.

बारा धुराडी

काही वर्षांपूर्वी मी पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग येथे पुतण्याकडे गेलो होतो. एका संध्याकाळी आम्ही जवळच्या होमस्टेड गावी खरेदीला गेलो. मोनोंगाहेला नदीच्या काठी भलामोठा बाजार आहे. दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृह आणि मोटारी लावण्याची विस्तीर्ण जागा. या सगळ्याच्या बाजूला विटांची बारा उंच धुराडी एका रांगेत उभी आहेत. त्यांच्याखाली भट्टी नाही, धूरही नाही. एखाद्या पडक्या देवळाचे खांब उरावेत तशी ती उरली आहेत.

पोलादाच्या इतिहासात होमस्टेडचे नाव मोठे आहे. स्कॉटलंडमधून १८४८ साली अमेरिकेत आलेला अँड्र्यू कार्नेगी नावाचा मुलगा सूतगिरणीत आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर कामाला लागला आणि पुढे जगातील सर्वाधिक श्रीमंतांपैकी एक झाला. होमस्टेडचा कारखाना त्याचाच. १८९२ मध्ये वेतनकपातीवरून तेथे संघर्ष पेटला. व्यवस्थापनाने टाळेबंदी केली आणि पिंकर्टन या खासगी संस्थेचे सुमारे ३०० सशस्त्र लोक रात्री नदीतून पडावांवरून आणले. ६ जुलै रोजी गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली. अखेर संघटना मोडली आणि कामगार बारा बारा तासांच्या पाळीत परतले. पुढे १८९८ मध्ये कार्नेगीने त्याच गावाच्या टेकडीवर एक देखणे ग्रंथालय बांधून दिले. जगभर त्याने अशी अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभारली. दातृत्व मोठे, यात शंका नाही. पण बारा तास भट्टीसमोर भाजून निघालेल्या माणसाने पुस्तक उघडायचे केव्हा, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. त्या बाजारातील एका दुकानात पैसे घेण्याच्या खिडकीवर सत्तरीच्या घरातील एक बाई उभी होती. मी धुराड्यांविषयी विचारले, तेव्हा तिचा चेहरा उजळला. तिचे वडील त्याच कारखान्यात तीस वर्षे होते. एका पगारात घर झाले, मोटार झाली, चार मुले वाढली. आणि तुम्ही या वयात उभ्याने काम का करता, असे मी, भारतीय माणसाच्या भोचकपणाने, विचारून गेलो. तिने खांदे उडवले आणि सांगितले की चूक तिचीच, तरुणपणी तिने शिकायला हवे होते.

हे उत्तर माझ्या मनातून आजतागायत गेलेले नाही. कारखाना बुडाला, गाव बुडाले, वेतने गोठली. त्या बाईने मात्र सारा हिशेब स्वतःच्या खात्यावर मांडून ठेवला होता.

वर्ग नसल्याचा समज

हे असे का होते? युरोपात माणूस स्वतःला उघडपणे कामगार म्हणवतो. अमेरिकेत मोलमजुरी करणारा आणि वकिली करणारा दोघेही स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवतात. आपल्या देशात सरदार-दरकदार नव्हते, राजघराणे नव्हते, म्हणून वर्गही नाहीत, अशी त्या समाजाची दृढ श्रद्धा. १८३१ मध्ये अमेरिका पाहायला आलेला फ्रेंच विचारवंत तोकव्हिल तेथील सामाजिक समतेने थक्क झाला होता. अर्थात ही समता गोऱ्यांपुरती होती. गुलामगिरी तेव्हा चालूच होती आणि तोकव्हिलनेही ते नोंदवले आहे.

‘अमेरिकन स्वप्न’ हा शब्दप्रयोग रूढ केला तो जेम्स ट्रसलो ॲडम्स या इतिहासलेखकाने, १९३१ साली, म्हणजे महामंदी ऐन भरात असताना. जन्म कोठेही होवो, प्रत्येकाला आपल्या कुवतीनुसार पूर्ण वाढण्याची संधी मिळावी, असा त्याचा आशय होता. आणि पुढची काही दशके या स्वप्नाने खरोखर देह धारण केला. तो कसा केला, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण तो आपोआप झालेला नाही. १९३५ मध्ये कामगारांना संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. त्याच वर्षी वृद्धांसाठी सामाजिक सुरक्षेचा कायदा आला. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घर यांसाठी साहाय्य मिळाले. सुमारे २२ लाख सैनिक त्या बळावर महाविद्यालयांत गेले. १९५० च्या दशकात कामगारांपैकी जवळपास एक तृतीयांश संघटनांचे सभासद होते. आणि अध्यक्ष कोण होते? आयझेनहॉवर, रिपब्लिकन पक्षाचे, सेनापती. त्यांच्या काळात उत्पन्नावरील कराचा सर्वोच्च दर ९१ टक्के होता. त्यात पळवाटा भरपूर होत्या, तो दर पूर्णांशाने भरणारे थोडेच. परंतु अमर्याद मिळकत ही प्रतिष्ठेची नव्हे, तर संकोचाची बाब आहे, असा संकेत त्यातून समाजाला मिळत होता.

या सुवर्णकाळालाही डाग होता. शेतमजूर आणि घरकामगार यांना १९३५ च्या या दोन्ही कायद्यांतून वगळले होते आणि दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय नेमके हीच कामे करत. घरकर्जाच्या नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवून त्यांना कर्ज नाकारले जाई. त्याचे व्याज आजही चुकते होत आहे. २०२२ च्या पाहणीनुसार मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सहापट होती. मार्टिन ल्यूथर किंग १९६८ च्या एप्रिलमध्ये मेम्फिसला गेले होते ते संपावर असलेल्या सफाई कामगारांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी. तेथेच त्यांची हत्या झाली. वर्णाचा प्रश्न भाकरीपासून वेगळा नाही, हे त्यांनी ओळखले होते.

शिडीच्या पायऱ्या

मग हे बिघडले केव्हा? एका तारखेवर बोट ठेवणे कठीण. तथापि ओहायो राज्यातील यंग्जटाउन शहराला विचाराल, तर ते तारीख सांगेल. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार. त्या दिवशी ‘यंग्जटाउन शीट अँड ट्यूब’ या कंपनीने आपला मोठा पोलाद कारखाना बंद करण्याची घोषणा केली. सुमारे ५,००० माणसांचे काम एका फटक्यात गेले. तो दिवस तेथे आजही ‘काळा सोमवार’ म्हणून ओळखला जातो. कारणे अनेक होती. यंत्रे जुनाट झाली होती, जपानसारख्या देशांतून स्पर्धा आली होती, आणि दूरच्या मालकांना नवी गुंतवणूक करायची नव्हती. विशेष असे की गाव रडत बसले नाही. तेथील धर्मगुरू, कामगार आणि नागरिक एकत्र आले. कारखाना आपणच विकत घेऊन चालवू, अशी योजना त्यांनी मांडली, लोकांकडून ठेवी गोळा केल्या. सरकारी कर्जहमी मिळाली असती, तर प्रयोग तरी झाला असता. १९७९ मध्ये ती नाकारली गेली. १९३० मध्ये १ लाख ७० हजार वस्तीचे ते शहर २०२० मध्ये ६० हजारांवर आले.

१९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेल्या ११ हजारांहून अधिक विमानवाहतूक नियंत्रकांना एकाच वेळी बडतर्फ केले. खासगी मालकांना जो इशारा मिळायचा तो मिळाला. सर्वोच्च प्राप्तिकराचा दर ७० टक्क्यांवरून १९८८ पर्यंत २८ टक्क्यांवर उतरला. आज तो ३७ टक्के आहे. संघटनांचे सभासद घटत घटत २०२४ मध्ये दहा टक्क्यांच्याही खाली गेले. चीन २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला. कारखान्यांतील रोजगार २००० मध्ये १ कोटी ७० लाखांच्या वर होते, ते २०१० पर्यंत १ कोटी १५ लाखांवर आले. यंत्रमानवाने काही खाल्ले, परदेशी मालाने काही खाल्ले. नफा मात्र कोणी खाल्ला, हे आकडे सांगतात. वॉशिंग्टनच्या ‘इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट’च्या हिशेबानुसार बड्या कंपनीच्या प्रमुखाची मिळकत १९६५ मध्ये सामान्य कामगाराच्या सुमारे वीसपट होती, २०२३ मध्ये ती २९० पट झाली. आणि केंद्रीय किमान वेतन? २००९ च्या जुलैपासून तासाला सव्वासात डॉलर. मधल्या काळात घरभाडे वाढले, औषधे महागली, तो आकडा मात्र जागचा हलला नाही. काही राज्यांनी आपले वेतन वाढवले आहे, पण ज्यांनी नाही वाढवले तेथे कायदा सव्वासातवरच थांबलेला आहे.

परिणाम असा की देशाच्या एकूण कौटुंबिक संपत्तीपैकी सुमारे तीस टक्के वरच्या एक टक्क्याकडे आहे आणि खालच्या निम्म्या जनतेकडे अडीच टक्क्यांच्या आसपास. हे आकडे कोणा डाव्या पत्रकाचे नाहीत. अमेरिकेची मध्यवर्ती बँक ते प्रसिद्ध करते. तिच्याच २०२४ च्या पाहणीत ३७ टक्के प्रौढांनी सांगितले की अचानक ४०० डॉलरचा खर्च निघाला, तर तो रोख रकमेतून भागवणे त्यांना शक्य होणार नाही.

काही जण म्हणतील, विषमता असेना, वर जाण्याची वाट खुली असली की झाले. अमेरिकन माणूसही हेच म्हणत आला. या वाटेचे मोजमाप केले ते आपल्याच दिल्लीत जन्मलेल्या आणि बालपणी अमेरिकेत गेलेल्या राज चेट्टी या अर्थशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९४० मध्ये जन्मलेल्या अमेरिकन मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुले मोठेपणी आपल्या आईवडिलांपेक्षा अधिक कमावू लागली. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण निम्म्यावर आले. म्हणजे आईवडिलांपेक्षा पुढे जाणे ही जवळपास खात्रीची गोष्ट होती, ती आता नाणेफेक झाली. शिडी मोडली, पण स्वप्न शाबूत राहिले. माझ्या मते सर्व निराशेचे मूळ येथे आहे.

शाळेचे कुंपण

शिडीची पहिली पायरी शाळा. अमेरिकेतील सरकारी शाळांचा मोठा खर्च त्या त्या भागातील घरांवरील मालमत्ता करातून होतो. घरे महाग तेथे शाळा संपन्न, घरे स्वस्त तेथे शाळा कंगाल. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरात एजवूड नावाचा गरीब, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या लोकांचा शाळाविभाग आहे. १९६८ मध्ये तेथील विद्यार्थी गळक्या, मोडक्या शाळांना कंटाळून वर्गाबाहेर पडले आणि पालकांनी न्यायालयात धाव घेतली. खटल्यात पुढे आलेले आकडे ऐका. एजवूडचे लोक अधिक दराने कर भरत होते, तरी त्यातून दर मुलामागे २६ डॉलर निघत. त्याच शहरातील श्रीमंत अलामो हाइट्स विभाग कमी दराने कर भरून दर मुलामागे ३३३ डॉलर उभे करी. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की यात राज्यघटनेचा भंग होत नाही. पुढे टेक्सासच्या राज्य न्यायालयाने १९८९ मध्ये ती पद्धत अवैध ठरवली आणि काही सुधारणा झाल्या. परंतु घराच्या किमतीला बांधलेली शाळा, हे त्या देशातील सर्वसाधारण चित्र कायम आहे.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण कळले ते पुतण्याच्या घरी. त्याने नुकतेच मोठे कर्ज काढून घर घेतले होते. मी म्हटले, “अरे, जुन्या जागेपेक्षा खोल्या तर तेवढ्याच दिसतात.” तो म्हणाला, “काका, आम्ही घर नाही घेतलं, शाळा घेतली.” मुलासाठी कोणताही बाप हेच करील, मीही केले असते. त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण त्या रात्री झोप लागेना. ते कुंपण आपण ओलांडून आत आलो खरे, पण ते बाहेर कोणाला ठेवण्यासाठी आहे? धुराड्यांखालच्या त्या बाईच्या नातवंडांना?

पुढची पायरी विद्यापीठ. चेट्टी यांच्याच गटाने २०१७ मध्ये दाखवून दिले की येल, प्रिन्स्टन, ब्राऊन यांसह ३८ शिक्षणसंस्थांत तळाच्या ६० टक्के कुटुंबांतून जितके विद्यार्थी येतात, त्यापेक्षा अधिक वरच्या एक टक्क्यातून येतात. इतरत्र शिकायचे, तर कर्ज. सुमारे सव्वाचार कोटी अमेरिकनांच्या डोक्यावर शिक्षणाचे केंद्रीय कर्ज असून ते १.६ लाख कोटी डॉलरच्या घरात आहे. आणि जो पदवी घेतच नाही, त्याचे काय? पंचवीस वर्षांवरील अमेरिकनांत पदवीधर चाळीस टक्क्यांहून कमीच आहेत. उरलेल्या साठ टक्क्यांना सन्मानाने जगता येईल, अशी जागा पूर्वी कारखाना देत असे.

शरीरावर उमटलेली विषमता

बंधुभगिनींनो, विषमता केवळ खिशात राहत नाही, ती शरीरावर उमटते. अतिश्रीमंत एक टक्का पुरुष आणि अतिगरीब एक टक्का पुरुष यांच्या अपेक्षित आयुर्मानात अमेरिकेत साडेचौदा वर्षांचे अंतर आढळले. एकाच देशात, एकाच ध्वजाखाली!

नोबेलविजेते अँगस डीटन आणि त्यांच्या अर्थशास्त्रज्ञ पत्नी ॲन केस यांनी २०१५ मध्ये लक्षात आणून दिले की पदवी नसलेल्या मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांतील मृत्यू वाढत आहेत. कारणे तीन : आत्महत्या, दारूने होणारे यकृताचे विकार आणि अमली द्रव्ये. या मृत्यूंना त्यांनी ‘नैराश्याचे मृत्यू’ म्हटले. युद्ध नाही, साथ नाही, दुष्काळ नाही, तरी २०१४ नंतर सलग तीन वर्षे त्या देशाचे सरासरी आयुर्मान घसरले. वेदनाशामक गोळ्यांचा महापूर प्रथम खाणींच्या आणि बंद कारखान्यांच्या प्रदेशांत शिरला. त्या गोळ्या विकणाऱ्या पर्ड्यू फार्मा कंपनीने २०२० मध्ये फौजदारी गुन्ह्यांची कबुली दिली. तोवर हेरॉइन आणि फेंटानिल यांनी गोळ्यांची जागा घेतली होती. २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षी अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने दरसाल एक लाखाहून अधिक माणसे मेली. २०२४ मध्ये हा आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला, एवढाच दिलासा.

आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सतरा टक्क्यांहून अधिक खर्च करणाऱ्या देशात २०२३ मध्ये २ कोटी ६० लाख लोकांकडे विमा नव्हता. ज्यांच्याकडे आहे त्यांनाही दावा मंजूर होईल याची शाश्वती नाही. आणि २०२४ च्या जानेवारीतील एका रात्रीच्या मोजणीत ७ लाख ७१ हजार माणसे बेघर आढळली.

लाज आणि संताप

निराश माणूस प्रथम स्वतःला दोष देतो. त्या बाईने दिला तसा. पण लाज फार काळ लाज राहत नाही. तिचा संताप होतो.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली आणि पुढील महिन्यात वित्तसंस्था सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद झाली. बँका वाचवल्या नसत्या तर अनर्थ झाला असता, हे मान्य. परंतु लक्षावधी कुटुंबांची घरे जप्त होत असताना, सरकारी पैशावर तगलेल्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांना बोनस वाटले गेले, हे सामान्य माणसाने पाहिले. आपल्या चुकीची शिक्षा आपल्याला आणि त्यांच्या चुकीचे बक्षीस त्यांना, हा न्याय त्याच्या जिव्हारी लागला. १७ सप्टेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या झुकोटी उद्यानात तरुणांनी तंबू ठोकले. ‘आम्ही ९९ टक्के’ ही त्यांची घोषणा जगभर गेली. नोव्हेंबरच्या मध्याला पोलिसांनी तंबू उखडले. घोषणा उरली, हाती काही लागले नाही.

तोच असंतोष दुसऱ्या टोकालाही दिसला. ज्या महोनिंग परगण्यात यंग्जटाउन आहे, तो कामगार संघटनांचा, डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. अध्यक्षीय निवडणुकीत १९७२ नंतर प्रथमच, २०२० मध्ये, तो रिपब्लिकन पक्षाकडे गेला. कोणी याला अडाणीपणा म्हणतो, कोणी वंशद्वेष. काही अंशी तेही असेल. परंतु ज्या पक्षाने आपल्याला गृहीत धरले, त्याला सोडणाऱ्या माणसाचे दुःख समजून न घेता त्याला नावे ठेवणे, हाच मुळी वर्गाचा अहंकार आहे. पुस्तकी विद्वत्तेच्या या अहंकाराने अमेरिकेत जेवढी दरी वाढवली, तेवढी पैशानेही वाढवली नसेल.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका बड्या आरोग्यविमा कंपनीच्या प्रमुखाची भर रस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली. काडतुसांवर दावे लांबवणे, नाकारणे अशा अर्थाचे शब्द लिहिलेले सापडले. खून हा खूनच, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण विचारी अमेरिकन हादरला तो त्यानंतर. असंख्य सामान्य लोकांनी शोकाऐवजी आपापल्या नाकारलेल्या दाव्यांच्या कहाण्या सांगायला सुरुवात केली. एका माणसाच्या मृत्यूवर समाजाचा एवढा मोठा भाग हळहळूही शकत नाही, ही त्या समाजातील बंधुत्वाच्या ऱ्हासाची खूण आहे.

आपण कोठे उभे आहोत?

आता पुन्हा त्या वर झालेल्या हातांकडे येतो. भारतीय वंशाच्या अमेरिकन कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न २०२३ मध्ये दीड लाख डॉलरच्या घरात होते, सर्वसाधारण अमेरिकन कुटुंबाचे ८० हजारांच्या. याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो अस्थानी नाही. पण अभिमानासोबत थोडे गणितही करावे. आपली माणसे तेथे गेली ती चाळणीतून गेली. तेथील प्रौढ भारतीयांपैकी चारांतील तिघे पदवीधर आहेत, अनेकांचे शिक्षण येथे भारतीय करदात्याच्या पैशाने झालेले. शिडीच्या वरच्या पायरीवरच आपण उतरलो. तेव्हा ‘आम्ही कष्टाने वर आलो, हे गोरे आणि काळे आळशी’ अशी जी वाक्ये आपल्या दिवाणखान्यांत ऐकू येतात, ती मला अज्ञानाची आणि धोक्याची वाटतात. अज्ञानाची, कारण ती सत्य नाहीत. धोक्याची, कारण शिडी मोडलेल्या माणसाला शिडीवर दिसणारा परका प्रथम खुपतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली तेव्हा आपल्या घरोघरी जी धडधड झाली, तिचा उगम यंग्जटाउनच्या त्या सोमवारापर्यंत जातो.

आणि येथे, आपल्याकडे? अमेरिकेने तीस वर्षांत जे सुंदर उभारले ते पुढच्या चाळीस वर्षांत कसे उसवले, हे आपण पाहिले. सामान्यांची शाळा, सामान्यांचे रुग्णालय आणि श्रमाला प्रतिष्ठेचे वेतन ही वीण होती. ती उसवू लागली की महासत्तेचीही खैर नाही. आपल्या मुलांना घरकाम करणाऱ्या मावशींच्या मुलांबरोबर एका बाकावर बसवण्याची आपली तयारी आहे का, हा प्रश्न घरी जाताना ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

अमेरिकेविषयी मी आशा सोडलेली नाही. १८९२ नंतर १९३५ उजाडायला त्रेचाळीस वर्षे लागली, पण ते उजाडले. आज मी जे आकडे सांगितले ते त्या देशाच्याच संस्थांनी, संशोधकांनी निर्भयपणे मांडलेले आहेत. आपले दोष स्वतः मोजणारा समाज मेलेला नसतो. बार्बरा एरनराइक या पत्रकार लेखिकेने मोलकरीण, वाढपी आणि दुकानातील कामगार बनून त्या तुटपुंज्या वेतनावर जगून पाहिले आणि २००१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आमच्या व्यवसायातील अशा माणसांपुढे मी नतमस्तक होतो.

स्वामीजींना भावला होता तो ताठ मानेने चालणारा गरीब. राष्ट्र किती श्रीमंत आहे, हे त्याच्या श्रीमंतांकडे पाहून कळत नाही. त्याचा श्रमिक कशा पाठीने चालतो, ते पाहावे लागते. होमस्टेडच्या त्या बाईला मी तेव्हा काही बोलू शकलो नाही. आज येथून, एवढ्या दुरून, सांगतो : बाई, चूक तुमची नव्हती.